मासे नसलेली टाकी

"सालू, ही बाटली धर गं जरा," आग्नेल म्हणाला, आणि सालोमी थांबली नाही.

रविवारची सातची मिस्सा नुकतीच सुटली होती. चर्चकडून येणारा रस्ता बावखलाच्या काठाने वळतो तिथे सगळं भुईगाव चालत होतं. धुतलेले कपडे, तेल लावलेली डोकी, हातात प्रार्थनेची पुस्तकं. आणि वाड्यांना पाणी पुरवणाऱ्या त्या लहानशा तळ्यात तिचा मोठा भाऊ गुडघाभर पाण्यात उभा होता. पँट वर दुमडलेली, शर्टाची एक बाही भिजून दंडाला चिकटलेली. वेताच्या कडीला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा शिवून केलेली झोळी तो पाण्यातून अलगद ओढत होता आणि तिच्यात आलेल्या डासांच्या वळवळत्या अळ्या निरखत होता. आई पुढे होती. तिने छत्री खाली केली. ऊन उजवीकडून येत होतं आणि छत्री डावीकडे, बावखलाच्या बाजूला कलली होती. मागून येणारी उर्सुला मावशी एकाएकी मोठ्याने केळीच्या घडांविषयी बोलू लागली. सालोमीने ऐकलं होतं. त्याने हाक मारताना वर पाहिलं होतं, तिनेही पाहिलं होतं, आणि तरी तिच्या चपला पुढे चालत राहिल्या. वळणावर तिने मान थोडीशी फिरवली. आग्नेलने बाटली काठाच्या चिखलात रोवली होती आणि एका हाताने झोळी उलटी करून तो अळ्या बाटलीच्या तोंडात उतरवत होता. एक थेंबही बाहेर सांडू नये इतक्या काळजीने. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शरम नव्हती. मदत नाही मिळाली तर काम कसं करायचं, एवढाच विचार तिथे होता.

तो चेहरा तिच्या आठवड्यात येऊन बसला. वसईला कोर्टासमोरच्या वकिलांच्या ऑफिसात ती टायपिस्ट होती. सोमवारी एका भाडेपट्ट्याच्या करारात तिने तीच ओळ दोनदा मारली. मंगळवारी एस. टी.च्या खिडकीतून बावखल येण्याआधीच तिने डोळे मिटून घेतले. पायांना थांबायचं होतं की नव्हतं, हे तिला नीट आठवेना. गावासमोर लाज वाटली म्हणून ती पुढे गेली, हे खरं. पण घरी पोचून डोक्यावरचा स्कार्फ काढताना जी लाज वाटली ती वेगळीच होती, आणि ती कुठे ठेवावी हे तिला कळत नव्हतं.

आग्नेल सोळाव्या वर्षी सेमिनरीत गेला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्याच्या ट्रंकेत आईने वाडीतल्या केळ्यांची सुकेळी कागदात बांधून ठेवली होती. तिसऱ्या वर्षी बाबा गेले, तेव्हा तो पांढरा झगा घालून दोन दिवस आला आणि गेला. पुढची सगळी वर्षं घरात एकाच दिवसाची तयारी चालली होती, त्याच्या पहिल्या मिस्सेच्या. आईने ओटीवर नव्या लाद्या बसवल्या त्या त्याच दिवसासाठी. वेदीवर घालायच्या कापडाला उर्सुला मावशी तीन वर्षं क्रोशाची लेस विणत होती. भांडण झालं तरी शेजारी आईला 'फादरची आई' म्हणत, आणि आई तो शब्द ऐकून भांडण अर्धं सोडायची. मग नऊ वर्षं पुरी झाल्यावर, दीक्षेला दोन वर्षं उरली असताना, शहात्तरच्या जानेवारीत एका दुपारी तो तीच ट्रंक घेऊन ओटीवर उभा राहिला. "मी परत आलो, आई," म्हणाला. आईने विचारलं, "किती दिवस?" त्याने ट्रंक खाली ठेवली. त्यानंतर आई त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, कपडे धुवायची, ताप आला तर कपाळावर पट्टीही ठेवायची. पण शब्द सालोमीच्या हातून जायचे. "त्याला सांग, जेवण निवतंय." तो दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा. सालोमी म्हणायची, "आग्नेल, जेवण निवतंय." तो उठायचा. असं दिवसातून चारदा. हळूहळू सालोमीला वाटू लागलं की आपण माणूस नसून दोन खोल्यांमधला दरवाजा आहोत.

त्याला काम मिळालं वसईच्या बाजारात, हरेश्वरच्या काचेच्या दुकानात. हरेश्वर खाडीकडच्या गावचा, चाळिशीचा, घरची भातशेती सांभाळून फ्रेमा नि काचा विकणारा. लॅटिन शिकलेला मुलगा देवांच्या तसबिरींना काचा बसवतो, यावर गावात आठ दिवस चर्चा झाली. तिथेच उरल्यासुरल्या काचांतून आग्नेलने टाकी केली. लोखंडी पट्ट्यांची चौकट, चार बाजूंना काच, सांध्यांना खडू नि तेलाची मळलेली लांबी. पहिल्यांदा भरली तेव्हा लांबी ओली होती. पाणी एका कोपऱ्यातून झिरपलं, मग धारेने आलं, आणि आईच्या नव्या लाद्यांवर पसरत उंबऱ्यापर्यंत गेलं. त्याने फडक्याने सगळं पुसलं, लांबी खरवडून काढली आणि नवी भरली. पंधरा दिवस टाकी उन्हात सुकत ठेवली. मग हरेश्वरने मुंबईहून, काचेचे तक्ते आणायला गेला तेव्हा, प्लास्टिकच्या पिशवीत सहा मासे आणून दिले. लाल, केशरी, पदरासारख्या शेपटीचे. आग्नेलने तळाला भुईगावच्या किनाऱ्यावरची रेती घातली होती, सात पाण्यांत धुऊन. मासे तिसऱ्या दिवशी मरून वर आले. दुसऱ्या वेळी नदीची रेती होती आणि मासे चार होते. ते भुकेले दिसतात म्हणून त्याने पाव कुस्करून टाकला, पुन्हा टाकला. पाणी पेजेसारखं पांढरं झालं आणि त्या पांढऱ्यात ते दिसेनासे झाले. आई तेव्हा भिंतीकडे बघून म्हणाली होती, "नऊ वर्षं देवाच्या घरात टिकला नाही. त्याच्या घरात मासे काय टिकणार." आग्नेल खिडकीशी टाकी धूत होता. त्याचा हात एकदा थांबला. मग त्याने उरलेला कोपरा धुतला.

बावखलातल्या अळ्या तिसऱ्या खेपेच्या सहा माशांसाठी होत्या. त्या त्यांनी खाल्ल्या आणि ते सतरा दिवस जगले. घरात कुणी बोललं नाही तरी सगळे मोजत होते. पण पाण्यात जरा काही तरंगलं की आग्नेल सगळं पाणी बदलायचा, स्वच्छ, विहिरीतून ताजं काढलेलं. अठराव्या दिवशी सकाळी सालोमी केस विंचरत ओटीवर आली तेव्हा तो टाकीसमोर उकिडवा बसला होता. "सोळा झाले," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, जणू उलट तपासणी स्वतःचीच चालली आहे अशा आवाजात, "सगळे मीच मारले, सालू. पहिले मिठाने, दुसरे पावाने, तिसरे स्वच्छतेने." तिला वाटलं, आता तो टाकी उचलून परसात ठेवील, तिच्यात कोंबडीची पिल्लं राहतील. पायांना कंगव्यासकट आत जायची घाई झाली. कारण एखादं माणूस पुन्हा हरताना बघायचं म्हणजे आपल्यालाही काहीतरी म्हणावं लागतं, आणि या घरात म्हणायचे शब्द फार जपून वापरले जात होते.

त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ती आपणहून हरेश्वरच्या दुकानात गेली. आग्नेल आत काच कापत होता. हिऱ्याच्या कलमाचा करकर आवाज येत होता. हरेश्वर गल्ल्यावरून म्हणाला, "बस बाय. तुझ्या भावाला मी कधीचं सांगतोय. दर्याची रेती कितीबी धू, त्यातले शंख मीठ सोडतच राहनार. आनि रोज पानी बदलतो! पान्याला बसू द्यायला नको?" आग्नेल आतून म्हणाला, "बसू द्यायचं म्हणजे किती?" हरेश्वरने हिशोबाची वही मिटली. "आमच्याकडं बांध फुटून खाडीचं पानी शेतात शिरलं ना, की दोन पावसाळे गप बसायचं. नांगर नाय, बी नाय. लोक हसतात. तिसऱ्या वरसाला भात लावायचा. किती म्हनून कोन सांगनार? शेत सांगतं." करकर थांबली होती. सालोमीला आत फक्त भावाची पाठ दिसत होती, वाकलेली, ऐकणारी. तिला एकाएकी जाणवलं की नऊ वर्षं देवाविषयी शिकून आलेला हा माणूस एका काचवाल्याचं बोलणं असं ऐकतो आहे, जसं गावात कुणी कुणाचं ऐकत नाही.

त्यानंतर जे झालं त्यासाठी भुईगावकडे शब्द नव्हता. आग्नेलने टाकीत नदीची रेती घातली, बावखलातल्या चार हिरव्या पाणवनस्पती मुळांसकट लावल्या, बावखलाचंच पाणी भरलं, हवा सोडणारा छोटा पंप लावला, आणि मासे आणले नाहीत. मे गेला, जून गेला. ओटीवर मासे नसलेली टाकी घुरघुरत राहिली. दूधवाला विचारायचा, पोस्टमन विचारायचा, "मासे कुठायत?" आग्नेल म्हणायचा, "अजून नाहीत. पाणी बघतोय." ते हसायचे, आणि तोही त्यांच्याबरोबर थोडासा हसायचा, त्यांना एकटं वाटू नये म्हणून. पाणी आधी गढूळलं. मग हिरवट झालं. काचेवर तपकिरी पापुद्रा आला. सालोमीचे हात शिवशिवायचे, ओता, धुवा, पुन्हा करा. तो दुकानातून आल्यावर पाय धुऊन टाकीसमोर बसायचा आणि वास घ्यायचा, उजेड कुठपर्यंत जातो ते बघायचा. काही करायचा नाही. काही न करणं इतकं अवघड असतं हे तिने पहिल्यांदा पाहिलं. तिच्या स्वतःच्या आयुष्यात सगळं करून टाकलेलं होतं. अकरावी झाली म्हणून टायपिंग, टायपिंग झालं म्हणून नोकरी, तेवीस पूर्ण झाली म्हणून लग्नाची बोलणी. गावासमोर रिकामी टाकी घेऊन बसण्याची छाती तिच्यात नव्हती. जुलैच्या मध्यावर एका सकाळी पाणी निवळलं. पाणी कालचंच होतं, पण आज त्यातून पलीकडचा फणस दिसत होता, खोडावरच्या मुंग्यांसकट. आग्नेलने तिला हाक मारून दाखवलं नाही. ती आपणच तिथे गेली आणि बराच वेळ उभी राहिली, आणि तिची आठ वीसची एस. टी. चुकली.

ऑगस्टमध्ये त्याने बावखलातलेच आठ गप्पी मासे सोडले. ते जगले. सप्टेंबरात टाकीत डोळे दिसू लागले. आधी नुसते डोळेच, काळे ठिपके, मग त्यांच्यामागे काचेसारखी अंगं. गप्पीला पिल्लं झाली होती. हरेश्वरने खुशीने मुंबईहून चार चपटे मासे आणून दिले, अंगावर काळे उभे पट्टे असलेले, वाऱ्यात झुलणाऱ्या पानासारखे चालणारे. आणि त्याच आठवड्यात उर्सुला मावशी होळी गावच्या पॉलचं स्थळ घेऊन आली. मुलगा गिरणीच्या ऑफिसात कारकून, त्याची आई आल्बिना घरंदाज, रविवारी दुपारी बघायला येणार. मावशी आईच्या कानाशी बोलली, पण सालोमीला ऐकू यावं इतक्या हळू. "ओटी मोकळी कर. आणि त्या दिवशी आग्नेलला दुकानात काहीतरी काम काढू दे. विषयच निघायला नको." आई म्हणाली, "सालू, त्याला सांग." आग्नेल तिथेच पायरीवर बसला होता. सालोमीने तोंड उघडलं आणि तिला वाटलं, आता शब्द येणार नाहीत. पण सवयीने ते आले. "आग्नेल, रविवारी टाकी हलवायचीय." तो म्हणाला, "भरलेली हलवली तर काच तडकेल. रिकामी करावी लागेल." थोड्या वेळाने म्हणाला, "करतो."

शनिवारी दुपारी ती ऑफिसातून लवकर आली तेव्हा आई वाडीत होती. आग्नेलने मासे बादलीत काढले होते. रबरी नळीचं एक टोक पाण्यात होतं, दुसरं तोंडात. त्याने ओढलं, तोंडात आलेला घोट थुंकला आणि नळी घमेल्यात सोडली. पाणी पडायला लागलं. पाच महिन्यांचं पाणी. वनस्पतींची वरची पानं उघडी पडून काचेला चिकटली. तो ते बघत होता, नेहमीसारखाच, लक्ष देऊन. ती त्याच्याशेजारी खाली बसली. नऊ महिने जे कुणीच विचारलं नव्हतं ते तिने विचारलं. "तू परत का आलास?"

तो नळीकडे बघत राहिला. "सरावाचं प्रवचन द्यायचं होतं. दुःखावर. मी आईवर बोललो. बाबांना पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने पहाटे उठून सगळं अंगण झाडलं, आठवतं? मांडवाचे खड्डे बुजवले, आणि मग एका खड्ड्याशी बसून राहिली झाडू घेऊन. ते सांगितलं. मुलं रडली. आमचे वृद्ध प्राध्यापक रडले. सगळे म्हणाले, असं प्रवचन कित्येक वर्षांत झालं नाही." घमेलं भरत आलं होतं. त्याने नळी चिमटीत दाबून धरली. "आणि मी बोलताना बघत होतो, सालू, कुठल्या शब्दाला कोण रडतंय. पुढच्या वेळी तो शब्द आणखी हळू म्हणायचा, असं मनात नोंदवत होतो. आई तिथे खड्ड्याशी बसलेली, आणि मी तिच्यावर आवाज लावत होतो. मला ते फार चांगलं जमत होतं. पुढेही जमलं असतं."

"आईला सांगितलंस?"

"काय सांगू? तुझं दुःख मी विकलं नि गिऱ्हाईक खूश झालं?"

घमेल्यातलं पाणी हलत होतं. गाव म्हणत होतं आग्नेलला झेपलं नाही, आणि तीही नऊ महिने तेच समजत आली होती. झेपत होतं. सगळे टाळ्या वाजवत असताना हा माणूस उठून बाहेर आला होता, आणि परत येऊन, ज्या एका गोष्टीत तो काहीच जाणत नव्हता तिच्यात, सगळ्यांदेखत तीनदा चुकला होता. तिने हात पुढे केला आणि नळी टाकीतून ओढून काढली. पाणी अर्ध्यावर थांबलं. "मासे सोड आत," ती म्हणाली. "पाहुणे येऊ देत. तूही घरात राहा." आग्नेल म्हणाला, "आई?" ती म्हणाली, "आईला मी सांगते." आणि आयुष्यात प्रथमच निरोप तिचा स्वतःचा होता. आई वाडीतून आली, अर्धी टाकी पाहिली, सालोमीचं ऐकलं, आणि पाय धुवायला गेली.

रविवारी पाहुणे ओटीवरच बसले. आल्बिनाबाईंनी लाद्या पाहिल्या, सालोमीला पाहिलं, मग टाकी पाहिली. "मासे कोणाचे?" आईने पदर सारखा केला. उर्सुला मावशी म्हणाली, "असंच आपलं, शोभेला." सालोमी म्हणाली, "माझ्या भावाचे. हा आग्नेल. सेमिनरी सोडून आला. टाकी त्याने स्वतःच्या हाताने बनवली. पहिले सोळा मासे मेले. मग त्याने तीन महिने नुसतं पाणी ठेवलं." आपण इतकं सलग बोलू शकतो हे ऐकून तिचं तिलाच नवल वाटलं. पॉलने हसून विचारलं, "खायला कधी होतात?" सगळे हसले. आग्नेलही हसला आणि म्हणाला, "तुम्ही जेवायला याल तेव्हा बोंबील आणू." मग त्याने पॉलला पिल्लं दाखवली. पॉलला ती दिसेनात. तो म्हणाला, "काहीच नाही तिथे," आणि घड्याळ बघितलं. सालोमीला ती लगेच दिसली होती. तेरा होती.

आठ दिवसांनी मावशी निरोप घेऊन आली. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "नको म्हणाले." आईने विचारलं, "याच्यामुळे?" मावशीने मान हलवली. "त्याचं नावसुद्धा नाही काढलं. म्हणाले, मुलगी फार बोलते." सालोमीला रडू येईल असं वाटलं, तिने वाट पाहिली, पण आलं ते हसूच, आणि ते लपवायला ती आत गेली. मावशी गेली. सालोमी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिथून तिला ओटीवर आई दिसत होती, मांडीवर तांदळाचं सूप घेऊन बसलेली, आणि तिच्याकडे पाठ करून टाकीसमोर उभा असलेला आग्नेल. आईचे हात तांदळात होते, पण ती निवडत नव्हती.

"आग्नेल," आई म्हणाली.

नाव ऐकून त्याचे खांदे असे थांबले जणू कुणी मागून धरले.

"तो पट्ट्यांचा, कोपऱ्यातला. कालपासून खात नाही."

आग्नेल काचेजवळ वाकला. मग म्हणाला, "परवापासून."

"मग? काही कर ना."

"करायला गेलो तर जाईल, आई. बघायला लागतं."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

आईने दोन खडे वेचून अंगणात टाकले. "मग उभा कशाला राहिलास? पाय दुखतील. स्टूल घे." तो आत यायला वळला. त्याचे कान लाल झाले होते आणि समोर दारात उभ्या असलेल्या बहिणीकडे त्याला बघवत नव्हतं. आई सुपातून डोकं वर न काढता म्हणाली, "दोन आण. तिलाही बसू दे."